अक्षराची बाजू आत

विंचूर,
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. निकिता,

अनेक आशीर्वाद. खरं सांगायचं तर आशीर्वाद लिहिताना हात जरा अडखळला. पण आम्हाला गुरुजींनी पत्र शिकवलं ते असंच, आधी आशीर्वाद, मग मजकूर. तेव्हा आत्ता घे. पुढचं वाचून परत करावासा वाटला तर कर.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण ऐकते थोडीच! संक्रांतीला वाण घेऊन सगळी वस्ती फिरून आली आणि आता शेकत बसलीय. तुझ्यासाठी तिळाच्या लाडवांचा डबा वेगळा काढलाय, मार्चपर्यंत टिकतील म्हणते. मी म्हटलं, लाडू टिकतील गं, मी टिकू दिले तर. बागेचं म्हणशील तर द्राक्षाचा माल यंदा लय देखणा आहे. मण्यांत पाणी उतरायला लागलंय. रात्री हुडहुडी आणि दुपारी चटका, अशा हवेत उघडा घड गुलाबी पडतो आणि मग व्यापारी त्याला हात लावत नाही, हे तुला मी काय सांगणार. म्हणून घडांना पेपर लावायचं काम चाललंय. लताबाईची टोळी सकाळी आठलाच बागेत हजर. एकेका घडाला वर्तमानपत्राचं पान गुंडाळायचं, वरून पिन मारायची आणि पुढच्या घडाकडे सरकायचं.

पत्राच्या कागदाऐवजी चित्रकलेच्या वहीचं पान दिसलं म्हणून दचकू नकोस. बाजारात जाऊन मोठी पन्नास पानी वही मागितली तर दुकानदार म्हणतो, "नातवाला का?" मी म्हटलं, "मलाच. चित्रकला राहून गेली." ओळी आखलेल्या नाहीत, त्यामुळे अक्षर चढावर चाललंय, सांभाळून घे. एकाच बाजूला लिहितोय, पलीकडची कोरी ठेवतोय, तू ठेवायचीस तशी.

बुधवारी तू फोन केलास. एरवी आईशी बोलतेस आणि ठेवतेस. त्या दिवशी म्हणालीस, "नानांना दे." तुझ्या आईने फोन दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. नऊ वर्षांनी तुझ्या तोंडून 'नाना' ऐकलं. तू म्हणालीस, "नाना, झालं गेलं. माझ्या वह्या रद्दीत मिसळल्या आणि घडांना लागल्या, तुम्हाला माहीत नव्हतं. मीच उगाच इतकी वर्षं धरून बसले. मार्चमध्ये येते, चांगली आठ दिवस राहते."

आणि मी काय बोललो? "हं. पेपर लावायचं चाललंय." अगं, जगात दुसरा विषय नव्हता का! तेवढंच नेमकं तोंडातून गेलं. तू हसलीस आणि फोन ठेवलास. तुझी आई त्या दिवसापासून गुणगुणत फिरतेय. मला मात्र घास गोड लागत नाही.

का ते सांगायला हे पत्र. वाचून झालं की मार्चमध्ये यायचं की नाही ते तू ठरव. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे मला मध्येच पळ काढता यायचा नाही.

पण आधी एक छोटा गुन्हा कबूल करतो, म्हणजे मोठ्याला हात घालायचा धीर येईल. तुमच्या 'बारा वेशी' खेळाच्या ग्रुपवर 'कडू कारलं' या नावाने जो कोणी रोज सकाळ-संध्याकाळ भांडतो, तो मीच.

हस आता. तू आईला सांगितलं होतंस ना, "ग्रुपवर एक खवीस आहे, राखण्याच्या जिवावर उठलाय, कोणाचं ऐकूनच घेत नाही." आई मला येऊन म्हणते, "कोण मेला एवढा रिकामटेकडा असेल हो!" मी खाली मान घालून भाकरी चुरत होतो.

झालं असं. सव्वा वर्षामागच्या दिवाळीत तू आईला ती पत्त्यांची पेटी पाठवलीस. "ह्यातली गोष्ट मी लिहिते" म्हणून चिठ्ठी होती. आईने पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि देवघरात ठेवली. ती माहेरी गेली तेव्हा मी उघडली. खेळ मला सुरुवातीला ओ की ठो कळला नाही. कोणाचं बळ किती, कोणता पत्ता कधी उलटायचा, सगळा गोंधळ. पण सोबतची पुस्तिका वाचायला घेतली आणि मग चहा गार झाला तरी भान नव्हतं.

तुझीच गोष्ट तुला सांगतोय, पण मला ती कशी कळली ते तुला कळावं म्हणून. बारा वेशींचं गाव. सातव्या वेशीवर राखण्या, तो उजेडवेल राखतो. त्याच्याकडे वाढलेली पोर म्हणजे वारेवाली. ती पोथीत वाऱ्यांची नावं लिहून ठेवते. नावाने हाक मारली की वारा वळतो, गावावर येत नाही. एका साली तापलेला वारा सुटतो, वेलीचे घड करपायला लागतात आणि राखण्या घड झाकायला पोथीची पानं लावतो. वेल वाचते. नावं जातात. वाऱ्याला हाक मारायला काही उरत नाही आणि सातवी वेस पडते. वारेवाली निघून जाते. राखण्याच्या पत्त्यावर, चित्राखाली, तू दोन वाक्यं लिहिलीस: 'नकळत पोथी गेली. वेल वाचली.'

चित्रात राखण्याच्या कमरेला छाटणीची कात्री आहे आणि डाव्या हाताची करंगळी अर्धी. तू तीन वर्षांची होतीस, माझी करंगळी छाटणीत गेली तेव्हा. मी पत्ता हातात धरून स्वतःच्या हाताकडे बघत बसलो. देवाशपथ सांगतो, राग नाही आला. वाटलं, पोरीने घर सोडलं पण मला सोबत नेलं. मग खालचं 'नकळत' वाचलं आणि पत्ता पेटीत ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गोरक्षच्या पोराकडून फोनवर तो ग्रुप जोडून घेतला.

काय मंडळी आहेत गं तुमची! नाशकातलीच तीसेक जण असतील, पण बोलतात असं की राखण्या जणू यांचा चुलता. आता शेवटचं चौथं पर्व यायचंय आणि तुमच्या कंपनीने पिल्लू सोडून दिलं: राखण्याला वेशीतून आत घ्यायचं का, तुमचं मत कळवा, पहिल्या फेब्रुवारीला पत्ते छापायला जाणार. झालं! ग्रुपवर आग लागली. शेखर म्हणून एक बँकेतला माणूस आहे. तो म्हणतो, तिसऱ्या पर्वात राखण्या अनवाणी अकरा वेशी फिरला, पोथीची पानं शोधत, शिक्षा पुरी झाली, घ्या आत. मी लिहिलं, फिरतो तर घाण्याचा बैलही, म्हणून तो काशीला पोचत नाही. दिशा म्हणून दातांची डॉक्टर होणारी पोरगी आहे. ती प्रत्येक पात्राचं 'आर्क' काढते. आर्क म्हणजे माणूस कुठून निघून कुठे वळला, ते तिनेच मला समजावलं. तिचं म्हणणं, राखण्याचं पाप मुळात पापच नाही, कारण त्याला माहीत नव्हतं.

आणि मी, तुझा बाप, वर्षभर एकच धोशा लावून होतो. त्याला माहीत होतं.

मी लिहायचो, ज्याची हयात वेल राखण्यात गेली, त्याला हातात काय आलंय ते कळत नाही? डोळे मिटून कळतं. एकदा तर भांडणाच्या भरात लिहून गेलो, वर्तमानपत्राचं पान आणि चित्रकलेच्या वहीचं पान बोटांना वेगळं लागतं. लगेच कोणीतरी विचारलं, "काका, चित्रकलेची वही कुठून आली? गोष्टीत पोथी आहे ना?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पुसून टाकलं आणि दोन दिवस ग्रुपकडे फिरकलो नाही.

परत गेलो तर दिशाने गाठलंच. म्हणे, "काका, पत्त्यावर स्वच्छ छापलंय, नकळत. लेखिकेनेच लिहिलंय. तुम्ही काय लेखिकेपेक्षा जास्त जाणता का?"

फोन खिशात टाकला आणि बागेला पाणी द्यायला गेलो.

काल शनिवारी त्यांची नाशकात कॉलेज रोडला बैठक होती, एका कॅफेत. आईला सांगितलं पेपरच्या पिना आणायला नाशकाला जातो. ती म्हणाली, "पिना विंचुरात मिळत नाहीत का?" मी म्हटलं, "चांगल्या नाही मिळत." एसटी पकडली. कॅफेत शिरलो तर डोक्यावर टोपी असलेला मी एकटा. पोरं टेबलावर पत्ते मांडून बसलेली. एकजण अदबीने म्हणाला, "काका, कोणाला शोधताय?" मी म्हटलं, "दिशा कोण? मी कडू कारलं."

असा काही गलका झाला म्हणून सांगू! शेखर उठून पाया पडला, वर्षभर मला शिव्या घातल्याबद्दल. फोटो काढायला लागले, मी हात जोडून नको म्हणालो. तू बघितला असतास ना. फेसावर पान काढलेली कॉफी आणून ठेवली, पण ती तशीच राहिली, कारण वाद लगेच पेटला.

दिशा म्हणाली, "काका, समजा तुमचंच खरं धरलं. त्याला माहीत होतं. मग आता त्याने काय करावं?"

मी म्हटलं, "मरावं."

ती हसली. म्हणाली, "ते सोपं आहे. तिसऱ्या पर्वात चालत राहिला, चौथ्यात मरेल आणि तोंड काही उघडणार नाही. हे कसलं वळण? तुमचं खरं असेल तर त्याचं आर्क अजून सुरूच झालेलं नाही. त्याने वारेवालीसमोर जाऊन सांगायला पाहिजे."

शेखर म्हणाला, "वेडा आहे का तो? नकळत म्हणून चांगला सुटतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलं तर ती वेस उघडेल का?"

"नाही उघडणार कदाचित," दिशा म्हणाली. "पण न सांगता आत गेला तर आत कोण गेला? ज्याला माहीत नव्हतं तो. तसा माणूस तर कोणी नव्हताच ना? खरा राखण्या बाहेरच राहिला."

बोलताना तिच्या हातात राखण्याचा पत्ता होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, पत्त्याकडे बघत होती. तिला काय ठाऊक ती कोणाशी बोलतेय. मी उठलो. पोरं म्हणाली काका बसा, मत द्यायचं राहिलं. मी म्हटलं, गाडी चुकेल. पिना घ्यायच्याही राहून गेल्या.

आज इथवर लिहिलं. आई जेवायला हाका मारतेय. पुढचं आईसमोर लिहिता येणार नाही, आणि आईला न सांगताही लिहिता येणार नाही.

सोमवार, १९ जानेवारी

आईला सांगितलं. सकाळी, चहा घेतानाच. ऐकून घेतलं तिने शेवटपर्यंत. मग उठली, लाडवांचा डबा फळीवरून काढला, कपाटात ठेवला, किल्ली कमरेला लावली. दुपारी ताट वाढलं पण समोर बसली नाही. गुणगुणणं बंद आहे.

आता तू ऐक.

तुझ्या बारावीचं वर्ष. हीच संक्रांतीच्या पुढेमागेची हवा. तुझ्या सहा मोठ्या वह्या होत्या, पिवळ्या पुठ्ठ्याच्या, चित्र आणि गोष्ट एकाच पानावर. परीक्षा संपेपर्यंत वहीला हात लावायचा नाही म्हणून तूच त्या कॉटखालच्या ट्रंकेत ठेवल्या होत्यास. आदल्या संध्याकाळी तू माझ्याजवळ येऊन म्हणालीस, "नाना, मी कृषीचा फॉर्म भरणार नाही. बाग मला नको. मला गोष्टी लिहायच्यात." मी "बरं" म्हणालो. रागावलो नाही म्हणून तू खूश झालीस, मला चहा करून दिलास.

दुसऱ्या दिवशी बागेत रद्दी संपली. शेवटची दहा झाडं उघडी राहिली. निफाडचा रद्दीवाला सणामुळे बंद. मी घरी आलो. तू कॉलेजला, आई हळदीकुंकवाला. पुढचं मी सगळ्यांना सांगितलं ते असं, की ट्रंकेतली जुनी वर्तमानपत्रं, जुनी पुस्तकं एकदम उचलली, घाई होती, त्यात वह्या गेल्या, लक्षात आलं नाही. तुझ्या आईला हेच सांगितलं, मावशीला हेच, तू मार्चमध्ये ट्रंक उघडून वह्या शोधल्यास तेव्हा तुलाही हेच. आणि सांगून सांगून कधी कधी मलाही वाटायचं की असंच झालं असेल.

तसं झालं नव्हतं. ट्रंकेत वर्तमानपत्र एकही नव्हतं. वह्या वरच होत्या. मी पहिली उघडली. पहिल्या पानावर निळ्या स्केचपेनने लिहिलं होतं: 'प्रत्येक वाऱ्याला नाव असतं, पण हाक मारणारं माणूस लागतं.'

हे वाक्य तुमच्या पुस्तिकांत कुठे नाही. तिन्ही पर्वं मला तोंडपाठ आहेत, मी शोधलं. तुला स्वतःलाही ते आठवत असेल की नाही कोण जाणे. मला आठवतं, कारण मी वाचलं होतं.

एवढंच वाचून थांबलो नाही गं. तुझ्या कॉटवर बसून दीड वही वाचली. बागेत बायका खोळंबल्या होत्या, उन्हं वर येत होती, आणि मी पान उलटत होतो. त्या बुटक्या द्वारपालाचं वाचून एकटा मोठ्याने हसलो. ती पोर वेशीवर चढून वाऱ्याला शिव्या देते तिथे डोळ्यांत पाणी आलं.

लोक म्हणतील, खेडवळ बाप, पोरीच्या लिखाणाची किंमत कळली नसेल. किंमत कळली नव्हती म्हणून दिल्या असत्या, तर मी आज बिनघोर झोपलो असतो. वाईट असतं तर मी ते ठेवलं असतं. म्हटलं असतं, राहू दे, पोरीचा खेळ आहे, वर्षभरात जाईल. चांगलं होतं म्हणून दिलं. दीड वहीत कळून चुकलं की ही पोरगी इथे राहत नाही. एकुलती एक, बागेतलं प्रत्येक झाड तिला ओळखतं, आणि ही जाणार. आदल्या दिवशी तू सांगितलंस तेव्हा ते फक्त बोलणं होतं. वाचल्यावर ते खरं झालं. मला वाटलं, हे नसलं तर राहील.

पानं मी स्वतः फाडली. एकेक. त्या कॉटवरच बसून.

बागेत गेलो. लताबाईला वाचता येत नाही, पण तिने पहिलंच पान हातात घेऊन थांबून बघितलं. म्हणाली, "भाऊ, ह्ये तं पोरीच्या हातचं दिसतंय. लागायचं नाय ना तिला?"

मी म्हणालो, "नाय लागत. लाव."

प्रत्येक पान मात्र ती उलटं करून लावत होती. मी विचारलं काय करतेस. म्हणाली, "अक्षराची बाजू आत ठिवते, भाऊ. उन्हानं उडंल."

निकिता, तेव्हा थांबता येत होतं. तीनशे पानं, तीनशे घड, दहा झाडं. दहा झाडांचा माल गुलाबी पडला असता म्हणून काय बाग बुडणार होती? आणि त्यानंतरही दीड महिना होता. दीड महिना तुझ्या गोष्टी त्या ओळीत टांगून होत्या आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यातून ये-जा करत होतो. पिन काढली की पान हातात आलं असतं. नाही काढली. मग काढणीवाली माणसं आली, त्यांनी कागद ओरबाडले, बांधावर ढीग केला आणि पेटवला. तू त्या दिवशी पुण्याला मावशीला फोनवर सांगत होतीस की पेपर सोपे गेले.

आज सकाळी बागेत लताबाईला विचारलं, "तुला ते आठवतं का गं?" तिने हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, "न आठवायला काय झालं? आजबी कागद हातात आला का आधी उलटा करून बघते. मंग ध्यानात येतं, वर्तमानपत्राला दोन्हीकून अक्षर ऱ्हातं." पुढे म्हणाली, "पोरीला सांगितलं का तुम्ही?" मी म्हटलं, सांगतोय. ती म्हणाली, "लय उशीर केला, भाऊ." आणि पुढच्या झाडाकडे गेली.

तर हे असं आहे. बुधवारी तू ज्याला माफ केलंस तो माणूस नव्हताच कधी. तुला वाटलं बापाच्या हातून चूक झाली आणि चुकीवर नऊ वर्षं रुसून बसणं बरं नाही. तुझं मन मोठं आहे. पण तू ती माफी दुसऱ्याच कोणाला दिलीस आणि मी ती 'हं' म्हणून खिशात घातली. पाच दिवस बाळगली. जड झाली, म्हणून परत करतोय.

मी वर्षभर ग्रुपवर राखण्याच्या मागे का लागलो तेही आता कळलं असेल तुला. घरात तोंड उघडत नव्हतं, म्हणून परक्या पोरांमध्ये जाऊन टोपणनावाने ओरडत होतो. वाटायचं, कोणीतरी म्हणेल, होय काका, त्याला माहीत होतं. कोणी म्हटलं नाही. सगळी पोरं भली आहेत गं. तुझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवतात.

एक मागणं आहे. बापाचं म्हणून नको, कडू कारल्याचं म्हणून धर. पहिल्या तारखेच्या आत त्या पत्त्यावरचं 'नकळत' काढून टाक. तिथे जे खरं ते लिही. मग राखण्याला वेशीतून आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं ते लेखिका जाणे. शेखर चिडेल, दिशा खूश होईल. मी ग्रुपवर काही बोलणार नाही. माझं मत शनिवारी द्यायचं राहिलं होतं, ते मी इथे देतो: मला त्याच्याबद्दल मत विचारू नका, मी त्याच्यात गुंतलेलो आहे.

मार्चचं मी काही म्हणत नाही. आई म्हणाली नाही, पण डब्याची किल्ली तिने कमरेला लावलीय याचा अर्थ लाडू तुझ्यासाठी ठेवलेत, मला मिळणार नाहीत. तू आलीस तर आईसाठी ये. मी तोवर बागेतल्या खोलीत राहायला जाईन, तुला समोर बघावं लागणार नाही. नाही आलीस तर रोजच्यासारखा आईला फोन कर. तेवढं थांबवू नकोस.

आता वहीचं. लिहून झालं की भरलेली पानं फाडून पाकिटात घालायची, असंच ठरवलं होतं. पोस्टाचं पाकीटही आणून ठेवलंय. मघाशी पहिलं पान शिवणीपाशी धरलं. ते पान बोटांना कसं लागतं ते मला माहीत आहे. बराच वेळ धरून बसलो. फाडता आलं नाही.

म्हणून अख्खी वही पाठवतोय. सात पानं मी भरली. त्रेचाळीस कोरी आहेत, ती तुझी.

ज्याला माहीत होतं, तो
तुझा नाना